ज्वारीचा डबा

७८६
कोल्हापूर
९ मे २०२४

चि. सलमा हिस,
निसारभाईचा सलाम आणि अनेक दुवा. वि. वि.

काल तुझा फोन आला तेव्हा मेहकने तो माझ्या कानाला लावला. तू पाऊण तास बोललीस, मी पाऊण तास मान हलवली. फोनमधून मान दिसत नाही हे माझ्या सुनेला कळतं, तुला कळत नाही. डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटी काढली त्याला दोन वर्षं झाली. ती काही परत फुटायची नाही. तेव्हा जे विचारायचं ते लिहून विचारत जा. मोबाइलवर टाइप करायला माझी पिंजाऱ्याची बोटं जाड पडतात आणि तुझा फोन अजून बटणांचाच आहे. मराठी शाळेत मास्तरांचा मार खाऊन दोघांनी अक्षर वळवलं, ते आता कामाला येऊ दे.

बातमी अशी, की घरात शिकऱ्याचं पिल्लू आलंय. हसू नकोस, गल्ली हसतेच आहे. चाळीस वर्षं कबुतरं पाळणाऱ्याने त्यांच्याच वैऱ्याला, शिकारी पाखराला, आसरा दिला म्हणतात. गल्लीच्या तोंडाच्या निंबावर घरटं होतं. तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला माणसं आली, त्यात ते खाली आलं. मादी ओरडत तारांवर झेपावली आणि तिथंच चिकटून गेली. दोन पिल्लं पडल्या पडल्या मेली, तिसरं मी टोपीत घालून आणलं. का आणलं ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. त्याने चोच उघडली आणि आवाज फुटला नाही, एवढंच मी बघितलं.

दुकानातला पिंजलेला कापूस खोक्यात घालून त्याला गच्चीवर कबुतरांच्या ढाबळीशेजारी ठेवलंय. शेजारच्या गणपतरावचीही कबुतरं आहेत. तो येऊन सांगून गेला, की निसारभाई, त्यापरीस साप पाळा की, त्यो वर्षातनं एकदा तरी पुजला जातोय. मेहकने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, संयोगिता त्यांचं नाव. त्यांनी वनखात्याला कळवलं, पिल्लू तपासलं आणि मला बजावलं, की उडायला लागलं की ते रानाचं. त्याला माणसाळवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. मी पाटीवर लिहून दाखवलं, की माझ्या हाकेची तुम्ही काळजी करू नका. बाई ओशाळल्या.

पण खायची वेळ झाली हे पाखराला कळायला काही खूण लागतेच. माझी शीळ गेली तेव्हापासून कबुतरांना मी ज्वारीचा डबा खुळखुळवून खाली बोलावतो. हाही आता त्याच डब्याला चोच उघडतो. ज्वारीच्या आवाजावर खिमा खाणारं पाखरू जगात हे एकच असेल.

माझी तब्येत बरी. मानेला डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागतेय. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढल्या महिन्यात ऑपरेशनला या म्हणून सांगितलंय. पाखरू मार्गी लागलं की जाईन. कामिलमियांना सलाम सांग. पत्र लिहिण्याइतका लोभ ठेव, फोन करण्याइतका नको.

तुझा
निसारभाई


कुरुंदवाड
२० मे २०२४

ति. भाई यांस,
सलमाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी दुकानात शिलाईच्या मशिनवर ठेवून आधी स्वतः वाचलं, मग जेवायला आल्यावर मला दिलं. दिवसभर हसत होते. मला हसू आलं नाही. दोन पानं शिकऱ्यावर आणि गाठ शेवटच्या दोन ओळींत. मागच्या वेळीही तुम्ही आवाज बसलाय, बसलाय म्हणत सहा महिने हळदीचं दूध पीत बसला होता. आता पुढला महिना म्हणजे पुढला महिना. पिल्लाला मेहक भरवील. तिच्या हाताला काटे नाहीत.

शिकऱ्याचं वाचून मला आपली लाली आठवली. अब्बांचा नियम होता, कबुतर उपाशी उडवायचं आणि उतरल्यावर चारायचं. उपाशी पाखरू घर विसरत नाही. मी तेव्हा आठेक वर्षांची. लालीची दया आली म्हणून पहाटे चोरून तिला ओंजळभर ज्वारी घातली. ती भरल्या पोटी उडाली ती गेलीच. अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तुम्ही मात्र मला एका शब्दानं रागावला नाहीत, नुसते छपरावर बसून अंधार पडेपर्यंत शीळ घालत होता. ओठ सुजले होते तुमचे. गेलेलं पाखरू तुम्हाला सोसत नाही हे मला तेव्हाच कळलं. म्हणून विचारते, हे सोडवेल काय तुम्हाला?

डॉक्टरीणबाई सांगतात तसं करा. मिरजेची तारीख कळवा. आमची आठवण असू द्या आणि तुमची दुवा.

तुमची
सलमा


कोल्हापूर
२१ जून २०२४

चि. सलमास दुवा. वि. वि.

ईद चांगली झाली. कुर्बानीच्या मटणातल्या गरिबाच्या वाट्यातला चिमूटभर खिमा मी शिकऱ्याला घातला. सोहेल म्हणाला, अब्बा, असं चालतं काय? मी पाटीवर लिहिलं, की ना आई, ना बाप, ना घर, याच्यापेक्षा गरीब गल्लीत दुसरा दाखव.

पिसं छान आलीत. पाठ तपकिरी, छातीवर शाई शिंपडल्यासारखे थेंब, डोळे पिवळेजर्द. काल सोहेलच्या मोटरसायकलच्या हँडलवर जाऊन बसला आणि सोहेल कामाला निघाला तरी उठेना. रात्री खोक्यात झोपतो, सकाळी मी जिना चढतोय तोवर किंचाळून गल्ली डोक्यावर घेतो. आवाज काय आहे गं त्याचा. त्या पहिल्या दिवशी जो फुटला नव्हता तो आता माझ्या वाटचाही फुटलाय.

मिरजेचं पुढं ढकललं. सोहेलने गाडी दारात आणली होती, मी चप्पल घातलीही होती. पण पाखराची शेपटी अजून आखूड आहे, पहिली झेप कधी घेईल सांगता येत नाही, आणि त्या वेळी मी दवाखान्यात असून कसं चालेल? म्हणून चप्पल परत काढली. सोहेल दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. मला तर बोलताच येत नाही, त्यामुळे घरात शांतता होती. शिकरा उडाला की मी त्याच आठवड्यात मिरजेला जाईन, हे तुला लिहून देतो. आता तर झालं? लोभात कमी करू नकोस.

निसारभाई


कुरुंदवाड
८ जुलै २०२४

ति. भाई यांस सलाम.

कार्डच लिहिते, कारण जास्त लिहिलं की तुम्ही हवं तेवढंच वाचता. मिरजेला गेलात काय? एका शब्दात कळवा.

सलमा


कोल्हापूर
१ ऑगस्ट २०२४

चि. सलमास दुवा. वि. वि.

एका शब्दात विचारलंस म्हणून एका शब्दात: नाही. आता सविस्तर वाच.

शिकरा उडतो. असा उडतो, की कबुतरं मला आता गाद्यांसारखी जड वाटायला लागलीत. सकाळी उठल्याबरोबर मी खोकं उघडतो. आधी गणपतरावच्या पाण्याच्या टाकीवर, मग नारळावर, मग पार पंचगंगेच्या बाजूला उसावरून दिसेनासा होतो. मी खाली येऊन चहा घेतो, परत वर जातो आणि डबा खुळखुळवतो. दोन-तीनदा वाजवला की आभाळातून बाणासारखा येऊन माझ्या हातावर बसतो. गादीच्या जाड कापडाचा हातमोजा शिवून घेतलाय त्यासाठी. मग त्याला खिमा. सलमा, चाळीस वर्षांत असं पाखरू माझ्या हाताला लागलं नव्हतं. आवाज होता तेव्हाही नाही.

संयोगिताबाई त्याला शाहूवाडीकडच्या रानात सोडायला गाडी घेऊन आल्या होत्या. मी पाटीवर लिहिलं, की अजून घरी परत येतोय, म्हणजे तयार झालेला नाही. डावा पंखही थोडा कच्चा वाटतो. त्यांनी पंख उघडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोन आठवड्यांनी येते म्हणाल्या.

एक वाईट झालं. परवा डबा वाजला तशी कबुतरंही उतरली, आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत ढाबळीतलं नवं पिल्लू उचललं. माझंच पिल्लू, माझ्याच डब्यावर आलेलं. दुसऱ्या दिवशी गणपतरावचं एक पिल्लू गेलं. त्याने माळ्यावरची गलोल काढून ठेवलीय. मला म्हणाला, निसारभाई, तुमचा शेजार हाय म्हणून एक बार सोडलं, पुढच्या बारीला माझ्या छपरावर दिसला तर खडा बसणार. त्याचंही खरं आहे. मी काय करू सुचत नाही.

गाठ आता लिंबाएवढी झालीय, मऊ भातही हळू गिळावा लागतो. तुमच्याकडे नदी वाढलीय म्हणतात, सांभाळून राहा. लोभ असाच वाढता असू दे, पाणी नको.

निसारभाई


कुरुंदवाड
११ ऑगस्ट २०२४

निसार,
सलाम घे. आज तुम्ही-बिम्ही म्हणत नाही. लहानपणी भांडताना म्हणायची तसं म्हणते.

पाणी रस्त्यापर्यंत येऊन ओसरलं, त्यात पोस्ट अडकलं होतं. तुझं पत्र काल मिळालं. मी ते पुनःपुन्हा वाचलं आणि रात्रभर मला झोप नाही. सकाळी खोकं उघडतोस, तो उडतो, मग तू डबा वाजवतोस, मग चारतोस. उपाशी उडवतोयस तू त्याला. अब्बांच्या कबुतरांसारखं. उपाशी पाखरू परत येणार नाही तर काय करील? आणि तो परत आला, की तू डॉक्टरीणबाईंना पाटी दाखवतोस की तयार झालेला नाही. ढाबळीतलं पिल्लू उचलतो त्याला आणखी काय तयार करायचं?

हे तुला कळत नसेल असं मी मानणार नाही. अख्खं आयुष्य कबुतरांत घालवलंस. तुला कळतंय. शिकरा गेला की मिरजेला जायचं तू मला लिहून दिलंयस, म्हणून तो जात नाही. तू त्याला पाळलेला नाहीस, दवाखान्याच्या वाटेवर आडवा बांधलायस. उद्या गणपतरावच्या खड्यानं तो मेला तर त्याला गणपतरावनं मारलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या डब्यानं मारलं म्हणेन.

भरल्या पोटी सोड त्याला. मी पोरवयात न कळता जे केलं ते तू आता कळून कर. आणि मग मिरजेला जा. मला तुझा राग आलाय आणि लिहिताना रडूही येतंय, अक्षर बघून कळेलच. अम्मी-अब्बा गेले, भाभी गेली, आता माहेर म्हणायला मला तूच आहेस.

लोभाचं आज लिहीत नाही. तो कुठं जातोय.

सलमा


कोल्हापूर
२९ ऑगस्ट २०२४

चि. सलमास अनेक दुवा. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला भीती वाटत होती. मागच्या वेळी त्यांनी आवाज नेला. या वेळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, की अन्ननळीचा तुकडा जाईल, जिभेचं मूळ जाईल, आणि पोटातून नळी घालून खायला देतील. मरायची भीती नव्हती गं. त्या टेबलावरून आणखी थोडा कमी होऊन उठायची भीती होती. हे सोहेलला सांगता येत नाही, मेहकला तर नाहीच. पाखरू असेपर्यंत माझ्या हातात दिवस होते. ते मी एकेक करून वाढवत नेले.

सोमवारी सोडला त्याला. पहाटे कोंबडीची काळजं आणली आणि तो नको म्हणेपर्यंत घातली. पोट भरलं की शिकऱ्याच्या गळ्याखालची पिशवी फुगते. त्या दिवशी आम्हा दोघांच्याही मानेला गाठ होती. संयोगिताबाईंच्या गाडीतून मी आणि मेहक शाहूवाडीकडे गेलो. भातखाचरांच्या वर, जिथं झाडी सुरू होते तिथं खोकं ठेवलं. सवयीनं मी डबाही पिशवीत घातला होता. मेहकने तो काढून घेतला आणि ओढणीत गुंडाळून मांडीवर धरून बसली, ज्वारी हलू नये म्हणून.

खोकं उघडलं तर तो बाहेर येऊन माझ्या पायाशीच बसला. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता. मी हात खिशात घातला. मग तो एका झाडावर गेला, पंख पसरून वाळवले, चोच फांदीला घासली. माझा चष्मा ओला झाला म्हणून मी तो काढून पुसला, आणि परत घालतोय तोवर फांदी रिकामी होती. कुठल्या बाजूला गेला ते मी बघितलं नाही. मेहकने बघितलं, पण मी तिला विचारलं नाही.

परवा मिरजेला जातोय. सोहेल-मेहक माझ्याबरोबर दवाखान्यात असतील, घरात कबुतरांना बघायला कुणी नाही, म्हणून ढाबळ तुझ्याकडे पाठवतोय. सोहेल आणून देईल. सगळ्यांचे पर बांधलेत; महिनाभर सोडू नकोस, नाहीतर उडून परत इकडंच येतील. डबाही पाठवतोय. तू वाजवलास तरी ओळखतील. रागावलीस ते बरं केलंस. असाच लोभ कर.

तुझा
निसारभाई


कुरुंदवाड
२१ सप्टेंबर २०२४

ति. भाई यांस,
सलमाचा सलाम. वि. वि.

पंधरा दिवसांमागं सोहेलने फोनवर ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. गाठ फुप्फुसापर्यंत गेलीय, आता कापून उपयोग नाही, असं एक डॉक्टर म्हणाला म्हणून काय झालं? डॉक्टर काय एकच असतो? ह्यांच्या गिऱ्हाइकाचा भाऊ पुण्याला मोठ्या दवाखान्यात आहे, त्याचा पत्ता मागच्या पत्रात पाठवलाय, त्याच्या आधी मुंबईचा पाठवला होता. इथं जवळच एक वैद्य आहेत, झाडपाला देतात, त्यांच्याकडे मी उद्या जाऊन येते. दर्ग्यात मन्नत बोललेय. तुम्ही नुसतं हो म्हणा. मी येऊन तुम्हाला गाडीत घालून नेते.

मला एकच गोष्ट खाते. ते भांडणाचं पत्र मी ऑगस्टमध्ये लिहिलं. जूनमध्ये का नाही लिहिलं? तुम्ही चप्पल काढली त्याच दिवशी का नाही येऊन बसले तुमच्या दारात?

कबुतरं बरी आहेत. मी डबा वाजवला की पायाशी गोळा होतात आणि मग माझ्याकडे बघतात, हा हात दुसराच आहे म्हणून. पुण्याचं लवकर कळवा. तुम्ही आहात तर माझा लोभ कुणावर तरी आहे.

सलमा


कोल्हापूर
४ ऑक्टोबर २०२४

चि. सलमास दुवा. वि. वि.

तुझी पत्रं येताहेत, प्रत्येकात नवा डॉक्टर. फार वेळ बसवत नाही म्हणून उत्तराला उशीर झाला. हे पत्र दोन दिवसांत मिळून लिहितोय.

मिरजेचा डॉक्टर सोहेलपेक्षा लहान आहे. मी त्याला पाटीवर विचारलं, की जूनमध्ये आलो असतो तर? तो म्हणाला, कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता झाला. खाली बघून म्हणाला. मी आणखी छेडलं नाही. जूनमध्ये यायचं नाही हे मी ठरवलं होतं, तू नाही. तो हिशेब तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, मोठ्या भावाचं एवढं ऐक.

शिकऱ्याचं काही कळलं नाही आणि कळणारही नाही. आता मी आभाळाकडे बघत नाही असं लिहिणार होतो, पण बघतो. तो येऊ नये म्हणूनच बघतो. गणपतराव रोज संध्याकाळी येऊन बसतो, कबुतरांचं काही बोलत नाही. परवा जाताना म्हणाला, तुमच्या छपरावर कायबी न्हाय आता, बघवत न्हाय. मेहक पेज करते, चार चमचे जातात.

आता माझं नीट वाच. अम्मीच्या हातचं खाल्लं, तुझ्या भाभीच्या हातचं तीस वर्षं खाल्लं, आता मेहकच्या हातचं खातोय. अर्ध्या कोल्हापूरच्या गाद्या माझ्या हातून पिंजून गेल्या. सोहेलचं दुकान बघितलं. पाखरं उतरताना बघितली, आणि शेवटी एक जाताना बघायचं होतं ते चष्म्यामुळे राहिलं, तेवढंच. पुण्याला नेशील, मुंबईला नेशील, मी येईनही, कारण तू बोलावलंस तर मला राहवत नाही. म्हणून सांगतो. सलमा, आता डबा वाजवू नकोस. माझं पोट भरलंय.

लोभ होता तसाच आहे. कामिलमियांना सलाम.

तुझा
निसारभाई


कुरुंदवाड
१० ऑक्टोबर २०२४

ति. भाई यांस,
सलमाचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांनी आधी वाचलं, पण या वेळी जेवणापर्यंत थांबले नाहीत, दुकान बंद करून घरी घेऊन आले. पुण्याचा पत्ता मी फाडला. वैद्यांचा झाडपाला आणलाच होता, तो गच्चीवर वाळत पडलाय.

आज सकाळी कबुतरांचे पर सोडले. आधी पोटभर ज्वारी घातली, मग ढाबळीचं दार उघडलं. काही इथंच टाकीवर बसलीत. पांढरी मादी आणि तिचा जोडीदार दिसत नाहीत. तिकडं आली तर मेहकला सांगून त्यांना मूठभर दाणे घाला, आणि नाही आली तर नाही. डबा फळीवर पालथा घालून ठेवलाय.

मी रविवारी येते. बोलवायला नाही आणि न्यायलाही नाही, शेजारी बसायला येते. मग परत जायचं बघू. कुरुंदवाडच्या सगळ्या बातम्या साठवल्यात, मी पाऊण तास बोलेन. तुम्ही मान हलवा. या वेळी मला दिसेल.

तुमचीच
सलमा